केळीच्या डागांचा चांदवा

मी एक जुना चांदवा आहे. चांदवा म्हणजे देवाच्या डोक्यावर बांधतात ते कापड. माझ्या अंगभर तपकिरी डाग दिसतात ना? मित्रांनो, लगेच नाकं मुरडू नका. आधी ऐकून घ्या, मग काय ते बोला.

माझा कापूस चोपड्याकडचा, विणलं मला धुळ्याच्या गिरणीत, आणि विकत घेतलं परत चोपड्याच्या बाजारात. देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. बेबाबाईनं मला घरी आणलं आणि स्वतःच्या हातानं लाल काठ लावला. त्या श्रावणात आमची खान्देशची देवी कानबाई पहिल्यांदाच तिच्या घरी बसणार होती. सगळे भाऊबंद जमणार, रोटांचा नैवेद्य होणार, आणि आलेली प्रत्येक बाई आधी वर बघणार! बेबाबाई येता-जाता माझ्या घडीवरून हात फिरवायची. स्वतःची स्तुती करू नये, पण मी होतोच तसा पांढराशुभ्र.

बेबाबाईचा धाकटा दीर कौतिक. पोटासाठी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, पण जीव सगळा झाडांत. हात रिकामा झाला की केळीच्या बागेत, नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याशी. बाजारातल्या रंगांनी पानं काढायचा आणि कागद टराटरा फाडायचा. "रंग हिरवा शे, पन झाड कोठे शे?" असं स्वतःवरच चिडायचा. त्याला झाडाचा जीव चित्रात हवा होता आणि तो काही केल्या उतरत नव्हता.

एके दिवशी चित्रासाठी केळीचं ओलं पान कापून तो घरी आला आणि कुठल्या तंद्रीत होता कोण जाणे, पान ठेवलं ते नेमकं माझ्यावर. केळीचा चीक पाण्यासारखा, लागला तेव्हा कुणाला दिसलाही नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, माझ्या अंगावर हा भला मोठा तपकिरी डाग! आमच्या खान्देशात लेकरालाही ठाऊक आहे, कापड फाटेल पण केळीचा डाग जाणार नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय करं रे भाऊ हाई!" बेबाबाई डोक्याला हात लावून म्हणाली. "कानबाई मायले काय डागखाले बसाडू?"

कौतिक खजील झाला. पण डाग बघता बघता त्याचे डोळे मोठे झाले. पानाची मधली दांडी, तिच्यापासून निघालेल्या शिरा, सगळं जसंच्या तसं उमटलं होतं.

"वहिनी, देख ना! माले इतला वरीसमा जमनं नहीं, ते हाई पान सोताच काढी गयं. रविवारलोंग चांदवा माले दे."

कानबाई रविवारी बसणार आणि पुढचा बाजार त्यानंतर होता. दुसरं कापड मिळणार नव्हतं. बेबाबाईनं कपाळाला आठ्या घालून मला त्याच्या हवाली केलं.

तो मला बागेत घेऊन बसायचा. खोडाला चीर द्यायचा, चीक वाटीत धरायचा आणि काडीनं माझ्यावर ओढायचा. पानाला पानाचा चीक, केळफुलाला केळफुलाचा. केळीला एकदाच घड लागतो, मग तिचं खोड कापतात, आणि बुंध्याशेजारून नवा कोंब वर येतो. त्याला पिल म्हणतात. "तोच ते झाडना जीव शे," असं पुटपुटत कौतिकनं कापलेल्या खोडाशेजारी पिल काढलं, तेही पिलाच्याच चिकानं.

शनिवारी बेबाबाईनं मला उलगडलं. जुना डाग होताच, बाकी नुसत्या पिवळट रेघा.

"इतला दिन काय पानी फासी ऱ्हायना व्हता का?" ती संतापली. निदान एवढं तरी निघेल म्हणून तिनं मला सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं आणि दणादण धोपटलं. कौतिक "नको, नको!" करत धावला, पण तोवर मी दोरीवर होतो.

आणि मित्रांनो, सोड्यानं उलटंच केलं! श्रावणाच्या उन्हात मी वाळत गेलो आणि एकेक रेघ गडद होत गेली. पानं आली, घड आले, पाण्याचा पाट आला, मागं सातपुडा उभा राहिला. बेबाबाई ओल्या हातांनी बघतच राहिली.

"अय माय! हाई तं आपलंच केयनं वावर शे!"

रविवारी कानबाई माझ्याखाली बसली. वर बघून बघून बायांच्या माना दुखल्या. मी असा काही मिरवलो की विचारू नका. कौतिक मात्र एकाच कोपऱ्याकडं बघत होता. कापलेल्या खोडाशेजारची जागा कोरीच होती. कोवळ्या पिलाचा चीक पातळ पडला असावा. "जीवच ऱ्हाई गया," तो म्हणाला, आणि त्यानं झाडं काढणं सोडलं. मला फार वाईट वाटलं.

काही वर्षं माझी हौस झाली. मग जळगावहून लाल चकचकीत चांदवा आला आणि मी भुईमुगाच्या ढिगावर जाऊन पडलो. उंदरांनी माझा काठ कुरतडला. कुणी साधं झटकलंसुद्धा नाही.

पुढं एका श्रावणात घर गळलं आणि त्या चकचकीत पाहुण्याचा लाल रंग टपटप कानबाईच्या पाटावर गळू लागला. बेबाबाईला माझी आठवण झाली. तोच सोडा, तेच धोपटणं, तीच दोरी. मी वाळलो आणि ती एकदम ओरडली, "कौतिक भाऊ! पयत ये! तुन्हं पिल उनं!"

पाटी अर्धवट टाकून तो आला. खोडाशेजारी एक बारीक तपकिरी कोंब वर आला होता; त्या पातळ चिकाला रंग धरायला एवढी वर्षं लागली होती. त्यानं त्याला हळूच बोट लावलं. त्याचे डोळे भरून आले.

"वहिनी," तो म्हणाला, "घरमा आजून एखादं कोरं कापड शे का?"

तेव्हा मित्रांनो, जुनं, डागाळलेलं कापड दिसलं की फेकायची घाई करू नका. एकदा धुवा, उन्हात घाला आणि थोडी वाट बघा. त्यात कुणाचं तरी पिल अजून यायचं राहिलेलं असेल.