शालनच्या उशीवरचं डोकं

मित्रांनो, आधी एक काम करा. आपल्याच डोक्याच्या मागच्या बाजूवरून एकदा हात फिरवून बघा. गोल लागलं ना? आता सांगा, ते गोल कुणी केलं? तुम्हांला नाही सांगता येणार. पण हाच प्रश्न आमच्या गल्लीत विचारलात, तर लहानथोर सगळे एका सुरात म्हणतील, "शालनकाकीच्या उशीनं!" ती उशी म्हणजे मी. मोहरीची, दोन तळहातांत मावेल एवढी, मधोमध जराशी खोलगट, आणि आता वयानं चांगलीच जुनी.

आमचं गाव सांगलीपासून फार लांब नाही. चहूकडे ऊस, मध्येच हळदीची रानं आणि गावात जैनांची व मराठ्यांची घरं भिंतीला भिंत लावून उभी. शालनला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा तिच्या आईनं मला शिवलं. त्या माउलीनं बांधावरची मोहरी पाखडली, खडा न् खडा निवडला, उन्हात कडकडीत वाळवली. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं स्वतःचं लुगडं कापून तिनं माझी पिशवी केली. मला गच्च भरायचं नाही आणि सैलही सोडायचं नाही, हे तिचं खास कसब. डोकं टेकलं की दाणे आपोआप बाजूला सरले पाहिजेत आणि मध्ये डोक्यापुरती जागा झाली पाहिजे. टाके इतके बारीक घातले की इतक्या वर्षांत माझ्यातला एक दाणा कधी बाहेर डोकावला नाही.

शालनचा मुलगा भरतेश हा माझा पहिला पराक्रम. काय सुरेख डोकं झालं त्याचं! आता त्याचे केस विरळ झाले आहेत, त्यामुळे माझी कारागिरी लांबूनसुद्धा दिसते. त्याच्या पाठची ब्राह्मी. तीही माझ्यावरच वाढली. मग शेजारच्या बायका मला मागायला येऊ लागल्या आणि मी घरोघर फिरू लागले. मला परत करताना कधी कुणी मोकळ्या हातानं आलं नाही, सोबत साखर-खोबरं असायचंच. एखाद्या बाळाला बघायला आलेली बाई त्याचं डोकं कुरवाळून म्हणायची, "हे शालनच्या उशीवरचं डोकं दिसतंय!" असं कानावर आलं की मी फुगून जात असे. खोटं कशाला बोलू?

गल्लीत माझी कीर्ती न मानणारा माणूस एकच, तोही आमच्याच घरात. शालनचे यजमान, पायगोंडाअण्णा. त्यांचं डोकं मागून पाटासारखं सपाट. त्यांच्या लहानपणी घरात अशी उशी नव्हती. शालन येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांचं डोकं वळवून दाखवायची. "बघा, उशी नसली की अशी गत होती."

"सपाट असंना का," अण्णा शेंगा फोडता फोडता म्हणायचे, "आत भरलेलं हाय न्हवं?"

पुढं बाजारात नालाच्या आकाराच्या, कार्टून छापलेल्या उशा आल्या. मला मागायला येणारी पावलं कमी झाली. मी ट्रंकेत, कडुलिंबाच्या पाल्यात जाऊन पडले. फार वाईट वाटायचं. ट्रंकेचं झाकण वाजलं की माझे दाणे सावध व्हायचे, पण हात यायचा तो शालूसाठी नाहीतर कांबळ्यासाठी.

आणि एक दिवस तो माझ्यासाठी आला! ब्राह्मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. शालननं मला ऊन दाखवलं, पिवळाधमक नवा अभ्रा शिवला. ब्राह्मीला मुलगी झाली. नाव ठेवायचं तेव्हा ठेवतील, पण तोवर सगळे तिला चिंगी म्हणू लागले. ती दवाखान्यातून घरी यायच्या आधीच शालननं मला पाळण्यात मांडून ठेवलं. मी तर सजून बसलेल्या नवरीसारखी वाट बघत होते.

ब्राह्मी आली, पाळण्यात डोकावली आणि पहिल्यांदा तिनं मलाच बाहेर काढलं.

"आई, हे नगं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय. झोपवताना कायम उताणं, पाठीवर. गादी कडक न् सपाट. उशी न्हाई, लोड न्हाई, नाकातोंडावर येईल असलं काय बी न्हाई."

"आगं, तू ह्याच उशीवर झोपलीस की! तुला काय झालं?"

"मला न्हाई झालं. पण कुणाच्याच लेकराला झालं न्हाई, असं कुठं हाय?"

शालन रुसून चुलीकडे गेली. मीही रुसले. आमचं दोघींचं रुसणं एकाच जातीचं होतं.

त्यानंतर आमच्या घरात जो खेळ रंगला, तो आठवला की मला आजही हसू येतं. ब्राह्मी मला काढायची, शालन मला घालायची. ब्राह्मीनं मला गोधड्यांच्या ढिगाखाली लपवलं, शालननं शोधलं. तांदळाच्या डब्यात लपवलं, तिथून शोधलं. मग ब्राह्मीनं मला भरतेशच्या गाडीच्या डिकीत कोंबलं. तो बिचारा मला घेऊन साखर कारखान्यावर ड्युटीला गेला आणि दिवसभर मी मळीचा वास घेत उन्हात उभी! संध्याकाळी शालननं त्याचा कान पिळला आणि मी पुन्हा घरात आले.

ब्राह्मीच्या नवऱ्याचं नाव अतिशय, तो कराडला कंपनीत होता. त्याचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. त्याला पाळण्यात पिवळा अभ्रा दिसला की त्याचा चेहरा कसानुसा व्हायचा. पण जावईच तो, सासूला कसं बोलणार? "ब्राह्मी, जरा फोन खाली घे... मामी, बऱ्या हायसा न्हवं?... ब्राह्मी, ते पिवळं काय हाय गं?" एवढ्यावरच त्याची गाडी अडायची.

शेजारच्या चंद्राबाई तर वेगळंच घेऊन यायच्या. "उताणं कशापायी? दूध उलटलं तर घशात जाईल. कुशीवर घाल."

"न्हाई जात, काकी. उताणं असलं तर बाळ गिळून तरी टाकतं, न्हाईतर तोंडातनं बाहेर तरी काढतं. कुशीवरनं मात्र पालथं पडायला येळ लागत न्हाई."

ब्राह्मी हे सगळं शांतपणे सांगायची, पण तिच्या मनाची तगमग मी जवळून बघत होते. चिंगी झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की हसायची आणि थोड्या वेळानं पुन्हा येऊन बोट धरायची. एकदा तर तिच्या गार बोटानं चिंगी दचकून उठली आणि सगळ्या गल्लीनं तिचा आवाज ऐकला. लेकीच्या श्वासापुढं तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आणि मला? मला त्या इवल्या डोक्यापुढं काही सुचत नव्हतं. माझी कीर्ती टिकायची, तर ते डोकं मला हवंच होतं.

चिंगी तिसऱ्या महिन्यात गुटगुटीत झाली. एके दिवशी सकाळी ब्राह्मी न्हाणीघरात गेली होती. शालननं चिंगीला सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, गादीवर ठेवलं होतं. लेक आत गेल्याची खात्री केली आणि मला हळूच आणून चिंगीच्या डोक्याखाली सरकवलं. "एवढाच येळ हां," ती मलाच म्हणाली. चिंगीनं माझ्यावर डोकं टेकलं. माझे दाणे सरसर बाजूला झाले. मित्रांनो, किती वर्षांनी! मी अगदी सुखावून गेले. शालन पाठ करून दुपट्यांच्या घड्या घालू लागली.

तेवढ्यात चिंगीनं पाय हवेत उचलले, कूस बदलली, अंगाला एक झोका दिला आणि... पालथी!

शालननं वळून बघितलं. तिला दिसली ती नातीची पाठ आणि लाथा झाडणारे गुलाबी तळवे. तिनं आनंदानं टाळ्याच पिटल्या. "आवं, आत या की लवकर! पालथी पडली माझी बाई!"

आमच्या घरात मूल पालथं पडलं की पुरणाचे कडबू करतात. अण्णा अंगणातून "कडबू, कडबू!" म्हणत उठले. न्हाणीघरातून ब्राह्मी ओरडली, "आई, व्हिडिओ काढ गं, अतिशयला पाठवायचाय!" शालन दारातच नाचत होती. साऱ्या घरात आनंदाचा नुसता कल्लोळ उठला होता.

आणि चिंगीचं तोंड माझ्यात रुतलं होतं.

तिला मान अजून धड उचलता येत नव्हती. तिचं नाक बरोबर माझ्या खोलगट जागेत आलं. तिनं धडपड केली, तसे माझे दाणे आणखी सरले आणि तिला आणखी आत घेत गेले. ज्या गुणासाठी सगळी गल्ली मला नावाजत होती, तोच गुण तिचा श्वास दाबत होता. मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत. मला बाजूला होता येत नाही, ओरडता येत नाही. तिचा कोंडलेला ऊन श्वास मला कळत होता. मी एवढंच म्हणत होते, अरे, कुणीतरी मला उपसून फेका! खड्ड्यात फेका, उकिरड्यावर फेका, पण हिच्या तोंडाखालून काढा!

अण्णा उंबऱ्यावर आले आणि थबकले. "शालन, पोरगी गप का गं?"

शालनच्या टाळ्या हवेतच थांबल्या. तिनं झेप घेतली, चिंगीला उचललं, छातीशी धरलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग चिंगीनं असा टाहो फोडला, असा टाहो फोडला, की घरामागच्या परड्यातली म्हैस कान टवकारून बघू लागली. आजवर माझं इतकं कौतुक झालं, पण त्या रडण्याइतकं गोड मी काही ऐकलं नव्हतं.

ओल्या केसांनी ब्राह्मी धावत आली. चिंगीच्या लालबुंद गालावर माझ्या दाण्यांची बारीक बारीक टिंबं उमटली होती. ब्राह्मीनं ती बघितली, मग मला बघितलं. सगळं कळलं तिला. शालन चिंगीला छातीशी धरून रडत होती. लेकीनं चार शब्द सुनावले असते, तर तिला बरं वाटलं असतं. पण ब्राह्मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बरी हाय ती, आई. रडू नगंस. बघ, हसायला पण लागली." आणि खरंच, ती लबाड पोरगी आज्जीच्या नाकातली चमकी ओढून हसत होती.

त्या दिवशी कडबू झाले. सगळ्यांनी पोटभर खाल्ले. अण्णांनी तर जास्तच खाल्ले. शालन मात्र दिवसभर माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चंद्राबाई आल्या. त्यांची सून बाळंत होऊन घरी आली होती. "शालन, तुझी उशी दे बाई. विकतच्या उशांचा मला इश्वास न्हाई. आमच्या नातीचं डोस्कं पण भरतेशगत गोल होऊ दे."

मी जागच्या जागी गारठले. अण्णा हळूच पुटपुटले, "उंदरानं कुरतडली म्हण." किती सोपं होतं! शालनचा मान राहिला असता, माझीही कीर्ती राहिली असती.

शालननं मला हातात घेतलं. "चंद्राबाई, काल माझ्या नातीचं नाकतोंड हिच्यात रुतलं. मीच घातली हुती, लेकीच्या चोरून. ती पालथी पडली म्हणून मी टाळ्या वाजवत हुते, आन् तिचा श्वास कोंडला हुता. ह्यांनी इचारलं न्हसतं तर..." मग पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "डोस्कं काय, बसायला लागलं की गोल हुतं आपसूक. डॉक्टरीणबाई सांगतात ते बरोबर हाय. न्हाई झालं तर सपाट राहू दे. ह्यांचं काय अडलं?"

"माझं डोस्कं शेवटी कामाला आलं म्हणायचं," अण्णा म्हणाले. चंद्राबाई घाबरल्या होत्या, तरी हसल्या.

मग शालननं कात्री आणली.

मित्रांनो, मला भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीच्या तळाशी मला हलकं हलकंही वाटत होतं. तिच्या आईनं घातलेले ते बारीक टाके शालननं एकेक करून कापले. सुपात मोहरी सळसळत ओतली गेली, जुनी, काळपट, पण टपोरी. तिनं त्यातली मूठभर चंद्राबाईंच्या ओंजळीत घातली.

"घ्या. मीठ-मोहरी करून नातीची दिष्ट काढा. पोरीच्या डोस्क्याखाली मात्र काय बी घालू नगा. सपाट गादीवर, उताणी. सुनेला म्हणावं, शालनकाकीनं सांगितलंय."

उरलेली मोहरी तिनं परत माझ्याच पिशवीत भरली आणि दोरीनं तोंड बांधून मला स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवलं. तिथून मला सोपा दिसतो. चिंगी गादीवर उताणी झोपते, दोन्ही मुठी कानांशी आणि तोंड अर्धवट उघडं. तिच्याजवळ ना उशी, ना लोड, ना खेळणं. ब्राह्मी अजून मधूनच बोट धरते, पण आता शालनही तिच्याशेजारी बसून चिंगीच्या वरखाली होणाऱ्या पोटाकडे बघत असते. अतिशयनं परवा फोनवर विचारलं, "मामी, पिवळं कुठं दिसंना?" तेव्हा सगळे इतके हसले की त्याला काही कळलंच नाही.

गल्लीतल्या बायका अजूनही माझ्यासाठी येतात. शालन प्रत्येकीला मूठभर मोहरी देते आणि सोबत तेच सांगणं देते. मूठ मूठ करून मी संपत चालले आहे. आणि खरं सांगू? गच्च भरलेली होते तेव्हासुद्धा मी इतकी आनंदात नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरी धाकटं भावंड आलं, तर तुम्ही मायेनं आपलं आवडतं अस्वल त्याच्याशेजारी ठेवाल. आज्जी मायेनं लोड लावेल, मावशी मऊ मऊ पांघरूण गळ्यापर्यंत ओढेल. माया सगळ्यांचीच खरी असते. पण बाळाला अजून मान वळवता येत नाही, आणि आम्हांला बाजूला होता येत नाही. म्हणून बाळ झोपलं की आम्हांला उचलून लांब ठेवत जा. आम्हांला त्याचा मुळीच राग येत नाही.