आरशातली नवरी

"विवाह म्हणजे देवाला साक्षी ठेवून मरेपर्यंत जागेपणी निभावायचं व्रत," फादर कासपर म्हणाले, आणि मागच्या बाकावर कुणीतरी घोरलं.

घोरणारा नवरदेवच होता. लग्नाआधीच्या त्या वर्गात बाकीची जोडपी पंचविशीतली. झेनोबी एकोणसाठ वर्षांचा. एकतीस वर्षं याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आलेला. वाजवणाऱ्याची पाठ वेदीकडे, म्हणून वर माळ्यावर ऑर्गनपाशी आरसा बसवलेला. हजारेक लग्नं त्याने त्या आरशात पाहिली होती: धुपाच्या धुरात तरंगणारी, नखाएवढी, बहुतेक पाठमोरी. आताही तो तीच पाहत होता, फक्त डोळे मिटून.

बोगुमिलाने कोपर मारलं. पोस्टात खिडकीवर बसणारी ही विधवा बाई त्याची होणारी बायको.

"ऑर्गनवाले काका, स्वप्नात हनिमूनला पोचलात वाटतं!" पुढच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली.

"लग्न मी लावत नाही," फादर सांगत होते. "तुम्हीच एकमेकांना हा संस्कार देता. मी नुसता साक्षीदार."

झेनोबी खडबडून जागा झाला. "आणि ऑर्गन, फादर?"

"नसला तरी लागतं की!"

हे त्याला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

घरी जाताना तो म्हणाला, "बोगुशा, तू आत येताना मीच वाजवतो. मग येतो खाली. चाळीसच तर पायऱ्या."

"गुडघ्यांना विचारलंस?" ती चालत राहिली. "माझ्या पहिल्या लग्नातही तू वरच होतास. या खेपेला खाली हवास. जिना चढलास, तर मी सरळ पोस्टात जाऊन बसेन."

मग त्याने बदली माणूस शोधला. शेजारच्या गावचा वादक ऑर्गनवर नुसतं दळण दळायचा. मठातल्या सिस्टर वाजवायला बसल्या की प्रत्येक सुराची अंगाई व्हायची. एकालाही त्याने पास केलं नाही.

म्हणून लग्नाच्या दिवशी, शनिवारी, बोगुमिला आत आली, ती नुसती टाचा वाजवत. वचनांआधी पवित्र आत्म्याला आळवणारं गाणं म्हणायची वेळ झाली. सवयीने सगळ्या माना माळ्याकडे वळल्या. वर कुणीच नव्हतं. रंगीत काचांतून उतरलेल्या उन्हात धूळ तेवढी हलत होती. झेनोबीची बोटं पँटच्या शिवणीवर सूर शोधू लागली. एक पाय जिन्याकडे वळलाही.

बोगुमिलाने त्याला धरलं नाही. ती फक्त बघत राहिली, खिडकीवरच्या गिऱ्हाईकाकडे बघावं तशी. मग तिनेच ते गाणं सुरू केलं.

ती सुरात कधीच नव्हती. पहिल्याच ओळीला फादरांच्या भुवया वर गेल्या. झेनोबीने आजवर असल्या गळ्यांना ऑर्गनने दाबून, ओढून सुरात आणलं होतं. आज त्याने पाय मागे घेतला, आणि तिचाच चुकलेला सूर धरला. पाठोपाठ सगळं चर्च त्या सुरात गाऊ लागलं, जो कुठल्याच पट्टीवर नव्हता.

वचनांसाठी फादरांनी आपल्या झग्यावरचा, गळ्यातून सोडलेला लांब पवित्र पट्टा दोघांच्या हातांभोवती गुंडाळला. वरच्या आरशात दोन छोट्या पाठी दिसत असणार.

नवरीचा चेहरा इतक्या जवळून तो पहिल्यांदाच पाहत होता. तिच्या दाताला लिपस्टिक लागली होती.