बेशुद्ध माणसाची तालीम

“खुर्चीत बसून माणसं लटकवता तुम्ही,” नुकत्याच बंद केलेल्या फोनला सुनावत मुलीने बापाने मारलेली दोरीची गाठ सोडली.

कामाची परवानगी देणाऱ्या कचेरीतल्या साहेबांनी तिला पुन्हा तेच ऐकवलं होतं. उद्या काचेची भिंत धुताना कोणी दोरीवर बेशुद्ध पडलं, तर अग्निशमन दलाला बोलवावे. दलाची शिडी निम्म्या इमारतीपर्यंतही पोचत नाही, हे फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक होतं. आणि पट्ट्यात निपचित लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं आणि थोड्याच वेळात जीव जातो. तो शिडीची वाट बघत बसत नाही.

गाठ सुटलेली बघून बापाच्या कपाळाला आठी पडली. त्याची हयात दोरीवर गेली होती आणि उद्या पहिला तोच उतरणार होता. मुलीने त्याच्या पट्ट्याच्या दोन्ही दोऱ्या गच्चीवरच्या लोखंडी कड्यांना थेट न बांधता ब्रेकमधून घेतल्या. ब्रेकचा दांडा दाबला की दोरी वरूनच सुटत जाईल, हात काढला की थांबेल. माणसाला ओढून वर घ्यायची झटापट नको, हळूहळू खाली सोडायचं.

तालमी पूर्वीही झाल्या होत्या. पण बेशुद्धीचं सोंग घेतलेला गडी सवयीने भिंतीला पाय लावून आपला भार हलका करायचा, आणि मग सगळे एकमेकांची पाठ थोपटून चहाला जायचे. पाय खरोखरच लुळे पडले तर काय होतं, हे कुणी बघितलंच नव्हतं. तिला ते आज बघायचं होतं. हातपाय अजिबात हलवायचे नाहीत, असं तिने बापाला बजावलं.

“निपचित पडायला मला शिकवतेस? आईला विचार तुझ्या. सुट्टीच्या दिवशी दुसरं काय करतो मी?”

दुसऱ्या दोरीच्या ब्रेकपाशी उभा असलेला लांबू हसला. बापाचा जुना जोडीदार. उस्ताद, उद्याचं उद्या मरा, आज नुसतं लटका, म्हणाला.

बाप कठड्यावरून उतरला, थोडा खाली गेला, मान टाकली आणि हात सोडून दिले. मुलीने दांडा दाबला. लांबू तिच्या बरोबरीने आपली दोरी सोडत गेला. विहिरीत बादली जावी तसा बाप सरळ निघाला. इतकं सोपं असेल असं तिलाही वाटलं नव्हतं. तिने पुढे होऊन वाकून बघितलं, आणि तिचा हात दांड्यावरून सुटला. दोरी जागच्या जागी थांबली.

बापाच्या पायांखाली इमारतीच्या दारावरचं काचेचं छप्पर होतं.

शुद्धीतला माणूस इथे पोचला की भिंतीला पाय लावतो आणि दोन ढांगांत बाजूला होतो. पाय आपसूक पडतात. त्यामुळे हे छप्पर वाटेत आहे, हे इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बापाच्या नाही, लांबूच्या नाही, आणि दोऱ्या कुठे सोडायच्या ते ठरवणाऱ्या तिच्याही नाही.

“बाबा, बाजूला सरका,” ती वायरलेसवर म्हणाली.

बाप हलला नाही. मान तशीच पडलेली. लांबूने तोंडातल्या तोंडात शिवी दिली. तिने पुन्हा हाक मारली, तेव्हा वायरलेसवर बापाचा आवाज आला.

“बेशुद्ध माणूस सरकतो का?”

“बाबा, पुरे आता.”

“मला काय सांगतेस? ज्यांनी परवानगी दिली त्यांना विचार. आणि जरा लवकर. पायाला मुंग्या येतायत.”

तिने एका हाताने फोन लावला. साहेबांनी कंटाळलेल्या आवाजात विचारलं, आता काय राहिलं. छपराचं ऐकून म्हणाले, अर्ज करा, बघतो.

“माझा बाप दोरीवर आहे, साहेब. वर येऊ शकत नाही आणि खाली काच आहे. अर्ज नंतर करते. त्याला ठेवू कुठे, ते आत्ता सांगा.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“फोन ठेवू नका. सांगा, कुठे ठेवू?”