कडूबाची रेघ

"फकरूभाऊ, हे त्यांच्या हातचं न्हाई."

उषाबाईने लग्नाची पत्रिका दुकानाच्या दाराशी उजेडात धरली होती. तिला वाचता येत नव्हतं. म्हणूनच तर फकरोद्दीनने सकाळी जालन्याच्या प्रेसमधून आलेला गठ्ठा उघडून पाहिला आणि परत तसाच बांधून ठेवला होता. मजकूर बरोबर होता, नावं बरोबर होती. फक्त अक्षरं कडूबाची नव्हती.

"त्याचंच हाय, वयनी. छापल्यावर जरा बारीक दिसतं," तो गठ्ठ्याकडे पाहत म्हणाला.

"बारीक-मोठं मला कळत न्हाई. पण त्यांची वरची रेघ शेवटाला जराशी वर जायाची. बैलानं शेपटी उचलल्यावानी. मी हसायची त्यांला. ही रेघ पहा, कशी झोपून राह्यली."

कडूबा पेंटर म्हणजे उषाबाईचा नवरा. भोकरदनपासून जाफराबादपर्यंत दुकानांच्या पाट्या त्याच्याच असत. ताजी पाटी पोचवायची तर एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला उषाबाई. रंग ओला म्हणून दोघं ती नुसत्या कडेने धरून भर बाजारातून चालत. मग फ्लेक्सचे बोर्ड आले आणि कडूबाचे ब्रश डब्यातच वाळले. तेव्हा फकरोद्दीनने त्याला आपल्या डीटीपीच्या दुकानात आणून बसवलं. "तुझा हात मशीनमधी घालून ठेवतो, यार." कडूबा दुपारभर कागदावर एकेक अक्षर काढी, फकरोद्दीन ते स्कॅन करून, कडा जुळवून, एकेका बटणावर बसवी. फाँट तयार झाला तेव्हा कडूबा म्हणाला होता, "दुसऱ्या कुणाचं कर नको कर, माझ्या मीनाची पत्रिका याच्यात कर." गेल्या वर्षी तो गेला. पत्रिका मागे राहिली होती, तीही अशी.

नवरी मुलगी, मीना, आईच्या मागे उभी होती. सुट्ट्यांत फकरोद्दीन गल्लीतल्या पोरांना कॉम्प्युटर शिकवी, त्यांतलीच ती. तिने पत्रिका पाहिली आणि हळूच विचारलं, "चाचा... कर्व्ह?"

त्याने मान हलवली.

प्रत्येक पोराला तो सुरुवातीलाच समजावून सांगे, "बेटा, फाँट आपल्या घरचा असतो. फाइल दुसऱ्याच्या मशीनवर गेली की तिथं तो नसतो. मंग ते मशीन त्याच्या घरचे कपडे चढवतं. म्हणून पाठवायच्या आधी अक्षरांचं चित्र करून टाकायचं, त्याला कर्व्ह म्हणतात. बिलकुल विसरायचं न्हाई." पत्रिका पाठवायच्या दिवशी जुना कॉम्प्युटर आचके देत होता. तो बंद पडायच्या आत फाइल प्रेसला जाऊ दे, या घाईत तो स्वतःच विसरला होता.

"वयनी, चूक माझी हाय," तो म्हणाला. "अन सकाळीच मी पाह्यलं होतं. तुमाला कळणार न्हाई, असं वाटलं."

"मी आल्यापासून तुमी वर पाह्यलं न्हाई. तवाच कळलं."

"परत छापून आणतो. जल्दी."

"कवा आणता? लगीन रविवारी. भागवतभावजी जीप घेऊन उभे हायेत. आज वाटल्या न्हाईत तर पाहुणे येतीन का?"

"राहू दे, आई. चालतंय," मीना म्हणाली.

"पाहुण्यांला चालतंय गं. पण पयली पत्रिका राजूरच्या गणपतीला. तेवढी तरी त्यांच्या हातची पायजे."

जुना बंद पडल्यावर आणलेल्या नव्या कॉम्प्युटरसमोर फकरोद्दीन बसला. पेनड्राइव्हवरून फाँट उचलला, इन्स्टॉल केला, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं. यादीत 'कडूबा' हे नाव आलं, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. पण पत्रिकेची फाइल उघडली तर वेलांट्या अक्षरांवरून सुटून बाजूला पडलेल्या, रेघ जागोजागी तुटलेली, अनुस्वार अधांतरी. दारू पिऊन कुणी पाटी रंगवावी, तशी.

"हे बी ते न्हाईत," उषाबाई म्हणाली. "त्यांनी जिंदगीत थेंब घेतला न्हाई."

फकरोद्दीन एकामागून एक बटणं दाबू लागला. काहीतरी पुसलं गेलं. मीनाने त्याच्या खांद्याला हात लावला.

"सरका, चाचा. एका टायमाला एकच सेटिंग बदलायची, अन थांबून पाह्यचं. कोण म्हणतं हे?"

तो उठून बाजूला बसला. मीनाने आधी पुसलेलं परत आणलं, मग भाषेची सेटिंग बदलली. काही झालं नाही. ती होती तशी ठेवली आणि अक्षरांमधलं अंतर आपोआप सोडणारी खूण काढली. अक्षरं एकमेकांजवळ सरकली, रेघ जुळली. वेलांट्या मात्र हट्टी. त्या तिने एकेक करून हाताने जागेवर नेऊन ठेवल्या. बापाच्या नावाशी आल्यावर ती थांबली. तिथे वेलांटी नव्हती, दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. तरी थांबली.

प्रिंटरमधून एक पत्रिका बाहेर आली. प्रत्येक रेघ शेवटाला जराशी वर गेली होती.

उषाबाईने बोट अक्षरांवरून फिरवलं, पण कागदाला टेकवलं नाही.

"अजून एक काढू, वयनी? घरी ठेवायला?"

"नगं. पाट्या काय आमी घरात ठेवायचो?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. मीनाने गठ्ठा उचलला. फकरोद्दीनने पत्रिकेसाठी प्लास्टिकचं पाकीट पुढे केलं.

"न्हाई," उषाबाई म्हणाली, "चिकटंल."

शाई केव्हाच वाळली होती. त्याने पाकीट परत ठेवलं. उषाबाई पायरी उतरली, आणि पत्रिका दोन्ही हातांनी फक्त कडेने धरून, गर्दीतून वाट काढत जीपकडे चालू लागली.