उशिराची टाळी

“माझी टाळी कधी रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आली ना, तर समज मामाचं काही खरं नाही.”

कोपरापासून अंगठ्यापर्यंत केबल गुंडाळत मामा असं म्हणाले, तेव्हा ती बाळाचे दोन्ही पाय एका हातात धरून दुपटं बदलत होती. तिने मान वर न करताच हसून टाकलं.

“तुम्ही आणि टाळी? मामा, तुम्ही तर शिंकसुद्धा गिळता.”

“गिळतो खरा,” मामा म्हणाले. केबलचं वेटोळं त्यांनी पिशवीत ठेवलं, चेन ओढली, बाळाच्या तळव्याला एक बोट लावलं आणि ते बस गाठायला निघाले. चहाचा कप अर्धा तसाच राहिला होता. तो तिने बेसिनमध्ये ओतला आणि तो विषयही.

मामा म्हणजे नवऱ्याचे सख्खे मामा. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण त्यांना ओळखणारे लोक त्यांना टेपमामा म्हणत. चौकडी नावाच्या बँडचा कार्यक्रम जिथे असेल तिथे मामा एका काठीला दोन मायक्रोफोन बांधून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसत आणि सगळं रेकॉर्ड करून वाटून टाकत. बँडचं नाव चौकडी, वाजवणारे पाच. पाचवा नंतर आला आणि नाव बदलायचा कंटाळा केला, असं चाहते सांगत. त्यांच्या धुना मोजक्याच होत्या, पण तीच धून प्रत्येक वेळी वेगळी वाजे. ठरलेली वाट सोडून पाचही जण एकमेकांच्या मागोमाग भलतीकडेच निघून जात. त्या क्षणासाठी चाहत्यांचा एक खास शब्द होता. सुटले. जुन्या थिएटरात वाजवलेल्या ‘उतार’ नावाच्या धुनेत ते नेमके कधी सुटले, यावरून चांगली शिकली-सवरलेली माणसं एकमेकांशी अबोला धरत.

आता रविवारची दुपार होती आणि त्याच शिकल्या-सवरलेल्या माणसांचं मतदान चाललं होतं. आजवरचा सगळ्यात चांगला ‘उतार’ कोणता? नवरा चाहत्यांच्या ग्रुपचा ॲडमिन. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, बनियनवर, एखादं राज्य चालवत असल्यासारखा तो बसला होता.

“मामाने नवीन टाकलंय बघ,” तो म्हणाला. “परवाच्या कार्यक्रमाचं. शेवटच्या क्षणी उमेदवारी अर्ज.”

“काय लिहिलंय त्यांनी?”

“काय लिहिणार. ‘या वेळी मीही सुटलो. सांभाळा.’” तो हसला. “खाली दंतवैद्य बघ काय म्हणतोय. ‘मामा सुटले, आता पकडा.’”

तीही हसली असती. पण सकाळीच आईचा फोन येऊन गेला होता. शेजारच्या काकू वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या. आई सुस्कारा टाकून म्हणाली होती, सुटल्या गं बिचाऱ्या. तिचा हात बाळाच्या पाठीवर थोपटता थोपटता थांबला. बाळाने लगेच कुरकुर केली, म्हणून तो पुन्हा चालू झाला.

“लाव ना जरा,” ती म्हणाली.

“तुला कधीपासून आवड?”

“लाव तर.”

त्याने लावलं. ‘उतार’ सुरू झाला, नेहमीसारखा सावध, पायऱ्या चाचपडत उतरल्यासारखा. मग कुठेतरी ते सुटले. तिला संगीतातलं फारसं कळत नव्हतं, पण बाळ झाल्यापासून तिचे कान भलतेच तिखट झाले होते. मिक्सर चालू असतानाही आतल्या खोलीतला श्वास तिला ऐकू यायचा. नवरा त्यावर विनोद करायचा, आमच्या घरी कुत्रा पाळायची गरज नाही. ती ऐकत राहिली. धून संपली. सभागृहभर टाळ्या पडल्या, लांबल्या, विरल्या, थांबल्या. आणि सगळं शांत झाल्यावर, अगदी माइकला खेटून, कानात दार आपटावं तशी एक टाळी. आणखी एक. थोडी जागा सुटली आणि मग शेवटची, तिसरी.

बाळ दचकून रडायला लागलं.

“हे बघ, हे,” नवरा म्हणाला. “सत्यानाश. इतकं सुंदर वाजवलंय आणि शेवटी हा धोंडा.” तो खाली सरकत वाचू लागला. “गणिताचे सर म्हणतायत, रेकॉर्डिंगच्या शिस्तीचे गुण वजा. दंतवैद्य म्हणतो, टेपमामांनी आता कवळीसारखा माइकही काढून ठेवावा.”

“ती टाळी मामींची आहे,” ती म्हणाली.

त्याचं बोट थांबलं.

“मामी जाऊन तीन वर्षं झाली.”

“म्हणूनच सांगतेय. मामांनी वाजवलीय, मामींसारखी.”

मामी प्रत्येक कार्यक्रमाला मामांच्या शेजारी बसत. संगीताशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. घरी एकटं बसून काय करू, म्हणून येत आणि स्वेटर विणत. धून संपली हे त्यांच्या लक्षात यायचं सगळ्यात शेवटी. लोकांचं वाजवून झालं की मग सुया मांडीवर ठेवून मामींच्या टाळ्या पडायच्या. दोन, आणि जरा थांबून, आपण एकट्याच वाजवतोय की काय अशा संकोचात, एक. मामांच्या सगळ्या जुन्या टेपांच्या शेवटी ती होती. मामा म्हणायचे, ही आमच्या मंडळींची सही, सहीशिवाय कागदाला किंमत नाही.

जुन्या थिएटरातला ‘उतार’ या मतदानात वर यावा म्हणून नवऱ्याने तो साफ केला होता. रात्री जागून, मन लावून. खोकले काढले, खुर्च्यांची करकर काढली, आणि शेवटची उशिराची टाळीही काढली. मागच्या खेपेला मामा आले तेव्हा त्याने मोठ्या अभिमानाने त्यांना ऐकवला. मामा डोळे मिटून ऐकत होते. लोकांच्या टाळ्या थांबल्या तसं त्यांनी एक बोट वर केलं, आता बघ, अशा थाटात. बोट वरच राहिलं. मग त्यांनी ते हळूच खाली घेतलं आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

“छान,” ते म्हणाले होते. “एकदम स्वच्छ.” आणि थोड्या वेळाने, “मूळ टेप आहेत ना रे?”

“असतील कुठेतरी,” नवरा म्हणाला होता.

मामांनी संगणकावर उतरवायला दिलेल्या त्या टेपांना बुरशी धरली होती. त्या सगळ्या भंगारात गेल्या होत्या. खोक्यात भरून ते खोकं दारात ठेवताना तिनेच दार धरलं होतं. संगणकावरच्या मूळ प्रतीवरही त्याने स्वच्छ केलेली प्रत चढवली होती, जागा वाचावी म्हणून. मामांनी पुढे काही विचारलं नाही. केबल गुंडाळायला घेतली, आणि टाळीचं ते वाक्य तेव्हाचंच.

“पुढे जाऊ दे,” ती आता म्हणाली. “बंद करू नकोस.”

“पुढे काही नाहीये. बंद करायला विसरलाय तो.”

“मामा कधी विसरलेत?”

रेकॉर्डिंग चालूच होतं. खुर्च्या मिटल्याचे आवाज, लोकांच्या गप्पा दाराकडे सरकत गेल्या, मग झाडू. झाडू जवळ आला आणि थांबला.

काका, उठा आता. झालं.

झालं?

कधीच.

मग कापडाची सळसळ, आणि खटका.

बाळाची मान खांद्यावर सावरत तिने फोन लावला. मामांचा फोन बंद होता. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना नवरा लॅपटॉपमागून म्हणाला, “अगं, रुसलाय तो. दर वर्षी पहिला नंबर त्याच्या रेकॉर्डिंगला मिळायचा. आता पोरं त्याच्याहून चांगली यंत्रं घेऊन बसतात.”

“यंदाही पहिला त्यांच्याच टेपला मिळतोय ना? तू साफ केलेल्या.”

“मग? नाव त्याचंच राहणार आहे. मी कुठे माझं लावतोय?”

“तू जा त्यांच्याकडे.”

“आत्ता? दिवस मोडतो जायला. उद्या ऑफिस आहे.” त्याने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज मऊ केला. बाळ झाल्यापासून हा मऊ आवाज तो ठेवणीतला काढायचा. “तुला ना, सगळीकडे वाईटच दिसतं. काल बाळ जरा जास्त झोपलं तर तू आरसा धरलास त्याच्या नाकाशी. निकाल लावू दे मला. मग आपण दोघं बसून मामाला फोन करू. ठीक आहे?”

“फोन बंद आहे.”

“मग चालू झाल्यावर करू.”

तीही त्या ग्रुपमध्ये होती. लग्नानंतर नवऱ्याने तिला घातलं होतं, घरात एक मत वाढेल म्हणून. तिने आजवर तिथे एक अक्षर लिहिलं नव्हतं. आता बाळाला मांडीवर घेऊन तिने एका अंगठ्याने लिहिलं. टेपमामांचा फोन लागत नाही. त्यांच्या गावात कोणी असेल तर कृपया एकदा घरी जाऊन पाहाल का?

टेबलावरच्या लॅपटॉपमधून टिंग असा आवाज आला. नवऱ्याने वाचलं. तिच्याकडे पाहिलं नाही. एकदा टिचकी वाजली आणि तिच्या फोनवरून तिचं वाक्य नाहीसं झालं. त्या जागी उरलं, विषय सोडून असल्याने ॲडमिनने हा संदेश काढला आहे.

“असं काय करतोस?”

“नियम आहे. मतदानाच्या दिवशी फक्त मतदान. दंतवैद्याचेही काढलेत मी सकाळी दोन.” त्याचे कान लाल झाले होते. “आणि घरचं धुणं तिथे कशाला? लोक काय म्हणतील, ॲडमिनला सख्ख्या मामाची खबर नाही?”

“आहे का?”

तो निकालाचा मजकूर तयार करत राहिला. ती बघत होती. मध्येच त्याचा उजवा हात कळफलकावरून उचलला गेला आणि टेबलाच्या कडेवर त्याच्या बोटांनी ठोका धरला. दोनदा, आणि जरा थांबून एकदा. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा-मामींच्या मधल्या खुर्चीत बसून त्याने ती टाळी कितीदा ऐकली असेल. बोटं थांबली. तिला वाटलं, आता हा उठेल. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा लिहायला लागला.

तेव्हा तीच उठली.

“याला धर जरा. दूध पाजलंय, ढेकर काढायचाय.”

“दोन मिनिटं थांब, निकाल…”

“धर.”

त्याने बाळाला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर हात फिरवू लागला, चुकीचा, वरून खाली. एरवी ती खांद्यावर आधी फडकं टाकायची. आज टाकलं नाही. थोड्याच वेळात व्हायचं ते झालं. बनियन, गळा, अगदी पाठीपर्यंत.

“अरे देवा. घे, घे याला.”

“याच्याही अंगावर उडालंय. दोघंही धुऊन या. पाणी कोमट घे, आधी मनगटावर बघ.”

बाथरूमचं दार लागलं. नळ सुटला. नवऱ्याचं बाळाशी चाललेलं लाडिक बोलणं पाण्याबरोबर आत बाहेर होऊ लागलं. ती त्याच्या खुर्चीत बसली. खुर्ची गरम होती. पडद्यावर निकाल अर्धा लिहून तयार होता. सगळे ग्रुपमध्ये जमले होते, गणिताचे सर, दंतवैद्य, झाडून सगळे, आणि एकमेकांना चिमटे काढत ॲडमिनची वाट पाहत होते. ॲडमिनचा संदेश सगळ्यात वर डकवला जाई आणि प्रत्येकाच्या फोनवर घंटा वाजवी.

‘प्रथम क्रमांक’ एवढे दोन शब्द ठेवून तिने पुढचं सगळं खोडलं. मग तेही खोडले. लिहिताना तिने एकदाच बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, आणि पाठवून टाकलं.

हा निकाल नाही. निकाल कधीही लावता येईल. ज्या टाळीचे तुम्ही गुण कापलेत, ती टेपमामांची आहे. ते आजवर कधी टाळी वाजवत नव्हते. ‘सुटलो’ हा शब्द त्यांनी तुमच्या अर्थाने लिहिला असेल तर फारच छान, मग मला हवं तेवढं हसा. पण त्यांचा फोन बंद आहे आणि आम्ही लांब आहोत. डॉक्टर, तुम्ही त्यांच्या मागच्याच गल्लीत राहता, तुम्हीच एकदा इथे सांगितलं होतं. आत्ता उठा. चपला घाला आणि जा. तुमच्यापैकी आणखी कोणी जवळ असेल तर त्यांनीही जा. घंटेला उत्तर आलं नाही म्हणून परत फिरू नका, दार वाजवा. आधी दोनदा, मग जरा थांबून एकदा. सगळ्यांचं वाजवून झालं तरी पुन्हा वाजवा. ते ओळखतील.