डावी बाजू

बसा, जरा जवळ सरका. हेनाम गावच्या एका सुनेची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मधेच उठायचं नाही.

ह्वा-रान कोबी उचलायला वाकली आणि तिथंच अडली. डावा हात वर येईना. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजलेला कोबी किती जड होतो, ते उचलणाऱ्यालाच ठाऊक. अंगणात बायका टबाभोवती बसलेल्या, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, मधे लाल मसाल्याचा ढीग. हिवाळाभर पुरेल एवढी किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस होता. त्या दिवशी सुनेनं न येणं म्हणजे घर सोडून गेल्यासारखंच.

"शहरातली सून कोबीलासुद्धा भिते," नणंद ओक्-जा म्हणाली.

"भीत नाही वन्सं, समजूत घालतेय त्याची."

बायका हसल्या. ह्वा-राननं उजव्या हातानं कोबी ओढून घेतला.

त्याचं असं झालं होतं. दोन लेकरं झाल्यावर छाती उतरली, तिला आरशासमोर उभं राहवेना. गेल्या वर्षी ग्वांगजू शहरात जाऊन तिनं दोन्ही बाजूंना आत सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतल्या. नवऱ्याला ठाऊक, सासूला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उचलू नका. आणि टाके ओले असतानाच गेल्या वर्षीचा हा किमचीचा दिवस आला. काय सांगून टाळणार? आली, टब उचलले. रात्री डावी बाजू फुगली, काळीनिळी झाली. डॉक्टर रागावतील म्हणून दाखवलीच नाही. सूज आपोआप उतरली, तशी ही खूश.

मग ती बाजू कडक होत गेली. कच्च्या नासपतीसारखी. वर चढली, कुशीवर झोपू देईना.

परवा डॉक्टरांनी दाबून पाहिलं. "बाहेरची वस्तू आत गेली की शरीर तिच्याभोवती पातळ पडदा विणतं. सगळ्यांचंच विणतं. पण कुणाकुणाचा पडदा जाड होतो नि आवळत जातो. सिगरेट ओढता?"

"नाही."

"ताप, पू, जंतू शिरल्याचं काही?"

"नाही."

"छातीला कधी किरणं दिली होती?"

"नाही हो."

"आत रक्त साचलं होतं? सूज, काळंनिळं?"

ह्वा-राननं मांडीवरची पर्स उघडली, बंद केली. "नाही."

"मग कारण सापडत नाही. कधीकधी सापडतही नाही. तो पडदा काढावा लागेल. आणि एकदा झालं की पुन्हा व्हायची भीती जास्त, तेव्हा या खेपेला सांगितलेलं पाळा."

सोमवार ठरला. पण त्यामागोमाग नव्या वर्षाचा स्वयंपाक होता, पितरांची पानं होती, ते सगळं थोरली सून म्हणून तिच्याच हातांवर. नाही म्हणायचं तर मागचं सगळं सांगावं लागणार. नाही सांगितलं तर पुन्हा टब, पुन्हा तेच.

शेवटचा डबा भरला, ताज्या किमचीत उकडलेलं मांस गुंडाळून सगळ्यांनी खाल्लं, नि सासूबाई उठल्या.

"चला न्हाणीघरात. मसाला कातडीत शिरलाय."

"आई, माझी पाळी..."

"गेल्या वर्षीही पाळीच होती. कपड्यांची पिशवी ठेवलीय तुझी गाडीत."

गावातलं सार्वजनिक न्हाणीघर, सगळ्या बायका उघड्या. ह्वा-रान छातीशी टॉवेल धरून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. तिथंच सासूबाई खरखरीत फडकं घेऊन आल्या.

"वळ."

पाठ घासून झाली.

"हात वर."

उजवा गेला. डावा निम्म्यावर थांबला. म्हातारीचं फडकं काखेखाली सरकलं, व्रणावर अडखळलं. टॉवेल तिनं हळूच बाजूला केला. मिठात कोबी मुरला का ते बघतात तशी दोन बोटं टेकवून पाहिली.

"गेल्या वर्षी टब उचललेस तेव्हा हे होतं?"

"होतं."

"दुखलं?"

ह्वा-राननं मान डोलावली. "सोमवारी परत कापणार आहेत," ती म्हणाली.

पलीकडून ओक्-जा ओरडली, "आई, किती मळ निघाला गं सुनेचा?"

"तुझ्याएवढा नाही," म्हातारी म्हणाली, नि सुनेच्या पाठीवर कढत पाण्याचं भांडं ओतलं.

कपडे घालताना ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "ऐका गं. पुढच्या वर्षापासून माझ्या अंगणात हे नाही. कंबर गेली माझी. बाजारातून आणू."

बायका बघतच राहिल्या. बाजारची किमची कुत्र्यापुढेही टाकू नये, असं जन्मभर म्हणणारी ही बाई!

"आणि यंदा पितरांचं ओक्-जा बघेल."

"मी?"

"तूच. हात शाबूत आहेत ना?"

एवढं बोलून म्हातारी फरशीवर उकिडवी बसली. सुनेला वाकता येत नव्हतं, तर तिचे मोजे तिच्या पायांत चढवले, बूट घातले, नि कशालाही न धरता ताडकन उठली.

सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी ह्वा-राननं डॉक्टरांना रक्ताचं सगळं सांगून टाकलं.

म्हातारी आहे अजून. हेनामला गेलात तर तिच्याकडं जेवून या, बाजारची किमची वाढेल, ती मुकाट खा. फक्त एवढं करा माझ्यासाठी, कंबर कशी आहे म्हणून तिला विचारू नका.