थोराड झाडाचा बिल्ला

रूपलीबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पत्र्याचा तो चौकोनी बिल्ला तिने शंभरात ओळखला असता. त्याच बिल्ल्यापायी आज तिच्या नवऱ्याच्या कमरेला पोलिसाची दोरी होती.

चुनीलाल शेठ नवापूरचे लाकडाचे व्यापारी. त्यांना वेड एकाच गोष्टीचं, सपातेच्या, म्हणजे बंद चपलेच्या, आकाराच्या ऑर्किड-फुलांचं. रंगावली नदीच्या काठी बंगल्यामागे ओल्या गोणपाटांचा मांडव घालून त्यांनी चाळीस कुंड्या मांडल्या होत्या, आणि त्या सांभाळायला जान्या आणि त्याची बायको रूपलीबाई. सगळ्यांत मोलाचं झाड हिमालयाच्या पायथ्याहून आलेलं, जंगलातलं, अस्सल. बाकीची बागवानांनी दोन जातींचं लगीन लावून तयार केलेली. अस्सल झाडाच्या कुंडीला तेवढा शेठनी पत्र्याचा बिल्ला बांधून दिला होता.

दोन वर्षांनी, यंदाच्या कार्तिकात, बिल्लावाल्या झाडाला फूल आलं. शेठ आनंदाने वेडेच झाले. सुरतेहून एका जाणकार साहेबांना त्यांनी मुद्दाम बोलावलं, चार व्यापारी पाहुणे जमवले. साहेबांनी भिंग लावून फुलाच्या मधली बोटाच्या पेराएवढी ढालीसारखी चकती बघितली, पानाच्या बुडाचे जांभळे ठिपके बघितले आणि सांगून टाकलं की हे अस्सल नाही, संकराचं आहे. पाहुण्यांदेखत शेठचं नाक कापलं गेलं. मांडवाची किल्ली एकट्या जान्याकडे, म्हणजे अस्सल झाड त्यानेच बदलून लांबवलं. मग दुसरा चोर शोधायचा कशाला? दुपारच्या गाडीने जमादार त्याला नंदुरबारच्या कोर्टात नेणार होता. जान्या शपथा घेऊन थकला आणि आवारातल्या चिंचेखाली बसून राहिला.

चोर कोण ते रूपलीबाईला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी जान्या तापाने पडला होता, तेव्हा कुंड्या तिने एकटीने बदलल्या. बिल्ला, दोऱ्या सगळं सोडून ठेवलं. पुन्हा बांधताना बिल्लावालं झाड तिला मरतुकडं दिसलं, अरुंद फिकट पानांचं, आणि शेजारचं कसं थोराड, गच्च. तिच्या माहेरी मक्याचं बी राखायची रीत ठरलेली. सगळ्यांत भरलेलं कणीस चुलीवर धुरात टांगायचं, त्यालाच जातीचं नाव, त्याचंच पुढच्या साली पेरायचं. पोचट कणसाला नाव कोण देतं? तिने बिल्ला थोराड झाडाला बांधला. बाईने अक्कल चालवली ती अशी, आणि मनात समाधानही मानलं.

मरतुकडं झाड फेकायला मात्र हात उचलला नव्हता. फुटक्या मडक्यात लावून तिने ते घरी नेलं होतं. आता ते शेठपुढे आणलं तर चोरी कबूल केल्यासारखं, आणि नाही आणलं तर जान्या गाडीत. दोन्हीकडून मरणच. बांध ओलांडून ती घराकडे पळाली, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर फक्त जान्याच्या कमरेची दोरी होती.

पाण्याच्या माठाखाली, कुडाच्या सावलीत ते झाड उभं होतं. वर एक मिटलेली कळी. मडकं छातीशी धरून ती परतली तोवर जमादार उठून चपला घालत होता.

साहेबांनी पानं उलटी केली. बुडाशी एकही ठिपका नव्हता. ते म्हणाले, पान तर बरोबर आहे, पण खात्री फुलावरून होते, आणि कळी उमलायला अजून आठ दिवस लागतील.

आठ दिवस कोणाकडे होते? दोन वर्षं तिने त्या कळीची वाट पाहिली होती. तिने नखाने ती चिरली. रस बोटांना लागला, आणि तिला रडू फुटलं. साहेबांनी भिंगाखाली ती इवली ढाल निरखली, म्हशीच्या शिंगांसारख्या खाली वळलेल्या पाकळ्या हलकेच सरळ केल्या.

"हेच ते," साहेब म्हणाले. "अस्सल."

"बिल्ला मी बांधा, शेठजी," रूपलीबाई जान्याकडे बोट करत म्हणाली. "त्यास्ना हात नही लागना."

शेठनी मडक्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, ते तिच्या घरी आलंच कसं म्हणून. "मंग हाई तुन्हा घर कसं उनं?"

"फेकानी हिंमत नही व्हयनी."

मक्याची गोष्टही तिने सांगितली. साहेब ऐकत राहिले, शेठनी ऐकलं न ऐकलंसं केलं. पाहुण्यांपुढे गेलेली अब्रू मक्याच्या कणसाने थोडीच परत येणार? शेठनी मानेनेच खूण केली आणि जमादाराने जान्याची दोरी सोडून तिच्या मनगटांना बांधली. जमादाराला कागदावर एक नाव हवं होतं, कोणाचं का असेना. जान्या मध्ये पडला, त्याला ढकलून दिलं.

ती फाटकाशी पोचली तेव्हा मागे साहेबांचा आवाज आला. हे झाड थंडाव्यातलं, ते शेठना समजावत होते. मांडवातल्या उकाड्यात ते महिनाभरही तगणार नाही. या बाईने इथल्या उन्हाळ्यात दोन वर्षं कसं जगवलं, हे आधी विचारून घ्या.

शेठनी जान्याला विचारलं. पाणी किती, सावली कोणती, खत काय.

रूपलीबाईचे पाय थबकले. जान्याला सगळं ठाऊक होतं; आजवर ठाऊक नव्हतं ते एवढंच, की तेच अस्सल झाड. माठातून झिरपेल तेवढंच पाणी झाडाला मिळावं म्हणून तो माठ त्यानेच तिथे बसवला होता. पंधरा वर्षांत शेठशी तो एकदाही खोटं बोलला नव्हता, तरी आज खोटा ठरला होता.

"माले नही मालूम, शेठजी," जान्या म्हणाला. "ते तिलेच मालूम शे."

दूर स्टेशनात गाडीची शिट्टी झाली, आणि जमादाराने दोरीला हिसका दिला. रूपलीबाई मागे न बघता चालू लागली. बघितलं असतं तर जान्याचं खोटं तिच्या चेहऱ्यावर दिसलं असतं.

सात पावलं झाली. आठवं पाऊल उचललं होतं तिने.

"जमादार," शेठ मागून म्हणाले, "थांबा."